हर्षलाचा राग

माझी बायको भांडायला लागली की आमच्या भंडारवाडीतली कुत्री भुंकायची थांबायची. बढाई मारत नाही, वाडीत कुणालाही विचारा. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा तिने मला नारळाची करवंटी फेकून मारली, कारण मी तिच्या वडिलांना चेष्टेत कंजूस म्हणालो होतो. आणि गंमत अशी, की मी कपाळ चोळत उठेपर्यंत तिचा राग उतरलेला. "गौरेशा, सोलकढी घालू काय रे?" असं विचारत ती समोर उभी. मी मात्र पुढचे दोन दिवस फुगून बसलो. माझा राग ओल्या लाकडासारखा, नुसता धूर. तिचा भडकायचा आणि संपायचा.

तिच्या या झटकन संपणाऱ्या रागावर इथल्या रिसॉर्टच्या कंपनीची नजर गेली, आणि तिथून आमच्या संसाराचं वाटोळं सुरू झालं.

आमचं गाव खारवेळ. गावाच्या डोक्यावर सडा आहे, म्हणजे काळ्या कातळाचं उघडंबोडकं पठार. त्या कातळावर नीलवेळ रिसॉर्टवाल्यांनी ट्रकच्या ट्रक माती ओतली, परदेशी हिरवळ अंथरली आणि समुद्राकडे उतरणारं गोल्फचं मैदान केलं. खाली माडांच्या बागेत स्पा. पाहुणे विमानाने येतात, सकाळी गोल्फ खेळतात, दुपारी अंगाला तेल चोळून घेतात आणि संध्याकाळी सूर्यास्ताकडे बघत आमच्याच कोकमाचं सरबत उंच ग्लासातून पितात. मी पंप दुरुस्त करतो. त्या हिरवळीला पाणी पाजणारे पंपही मीच दुरुस्त करतो, तेव्हा मला कुणी साधुसंत समजू नये.

आता ते यंत्र. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक लांबलचक नस प्रत्येकाच्या शरीरात असते. समोर संकट दिसलं की काळीज धडधडायला लागतं. संकट टळलं की ही नस ब्रेक लावते. काहींचा ब्रेक लागतच नाही, ती माणसं धुमसत राहतात. मी त्यातला. फार थोड्यांचा ब्रेक असा असतो की काळीज उधळलं तरी दोन-चार श्वासांत जागेवर येतं. या नसेची एक बारीक फांदी कानाच्या खळग्यात कातडीच्या अगदी जवळ असते. तिथे चिमटा लावून सौम्य वीज सोडली, की ब्रेक बाहेरूनही दाबता येतो. डॉक्टरांना हे फार आधीपासून ठाऊक होतं, पण बाहेरून दाबलेला ब्रेक आंधळा. कधी कमी पडायचा, कधी माणूस गुंगल्यासारखा व्हायचा.

नवा शोध एवढाच, की हा ब्रेक दाबायचं काम दुसऱ्या जिवंत माणसाकडे द्यायचं. आई रडणाऱ्या पोराला छातीशी धरते तेव्हा काय होतं? पोराची धडधड तिला जाणवते, तिचा श्वास आपोआप लांबतो, आणि त्या श्वासामागे पोर हळूहळू निवतं. कंपनीने ही छातीशी धरण्याची गोष्ट तारेवर आणली. पाहुण्यांची धडधड बारीक गुदगुली होऊन हर्षलाच्या कानात यायची, आणि तिच्या शरीराने दिलेलं उत्तर पाहुण्यांच्या कानात जायचं. रेकॉर्ड करून ठेवून भागत नाही, कारण प्रत्येक धडधडीला त्या धडधडीपुरतं उत्तर लागतं. तिथे माणूसच बसावा लागतो. एका बाईला बारा पाहुणे जोडायचे. त्या बाईचं पद काय, तर 'स्थिरा'.

निवड आमच्या शाळेत झाली. कंपनीचा एक पोरगा प्रत्येकीला चिमटे लावून मुद्दाम चिडवत होता. हर्षलाला तो म्हणाला, "तुमच्या हातचं जेवण खाऊन घरचे आजारी पडत असतील." तिने त्याच्या एक कानाखाली लगावली. पडद्यावरची धडधडीची रेघ आकाशात गेली आणि तो गाल धरून उठेपर्यंत तळ्यासारखी सपाट. ते पोरगं मार खाऊनही आनंदाने नाचायला लागलं.

नोकरी चांगली होती. वाडीत तशी कुणालाच नव्हती. गोल्फवाल्यांना तर हर्षलाचं व्यसन लागलं. या खेळात चेंडू शेवटी खड्ड्यात ढकलायचा एक एवढासा फटका असतो, त्याला ते पट म्हणतात. मैलभर चेंडू उडवणारे बाप्ये तिथे थरथरतात. हर्षलाच्या सत्रातून उठलं की हात दगडासारखा स्थिर आणि चेंडू बरोबर खड्ड्यात. एकदा बसलेला माणूस पुढच्या सुट्टीचं बुकिंग करूनच जायचा.

पण कंपनीला भीती, की बाई घरी जाऊन भांडली तर ब्रेक झिजेल. म्हणून त्यांनी कानामागे चिकटवायची एक पट्टी दिली. राग चढायला लागला की पट्टी वीज सोडते आणि राग जागच्या जागी विझतो. कामावर बसताना ती काढायची, कारण तिथे खरं उत्तर लागतं. उरलेला सगळा वेळ लावून ठेवायची. पट्टीला नाव काय दिलं, 'राखण'. आमच्याकडे गावाच्या राखणदार देवाला कोंबडा देतात त्याला राखण म्हणतात. कुठल्या तरी शहाण्याने इथे येऊन तो शब्द उचलला आणि कातडीला चिकटवायच्या प्लास्टिकला लावला. मला तेव्हाच त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं होतं.

आणि ब्रेक झिजतो म्हणे! तो गाडीचा. माणसाचा ब्रेक न वापरल्याने गंजतो, हे त्या शिकलेल्यांना समजलं नाही.

घरात भांडण उरलं नाही. मी तिची आवडती कढई जाळली, ती म्हणाली, "असू दे." तिच्या मावसबहिणीच्या लग्नाला जायचं विसरलो, ती म्हणाली, "होतं असं." तिची मालवणीसुद्धा गेली. कामावरचं स्वच्छ, इस्त्रीचं मराठी ती घरी बोलायला लागली. मी चिडवायचो, टोमणे मारायचो, एकदा तर तिच्या वडिलांना उगीच नावं ठेवली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "गौरेश, तुझा श्वास वर चाललाय. चार मोजून सोड." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीशी भांडल्यावर निदान हात तरी दुखतो.

मग भाऊ गेले. भाऊ म्हणजे हर्षलाचे वडील, माझे सासरे. खाडीत जाळं घेऊन पागायला जायचे, शब्दाला कडक, आणि लेकीसारखेच तापट. एकुलती एक मुलगी. अग्नी हर्षलानेच द्यायचा, हे त्यांनी सगळ्या वाडीला बजावून ठेवलं होतं.

आमची मसणवट सड्यापलीकडे, समुद्राच्या काठाला. तिकडे जायची वाट सड्यावरून, म्हणजे आता गोल्फच्या मैदानातून. रिसॉर्ट झालं तेव्हा त्यांनी तिथे लोखंडी गेट बसवलं आणि सगळ्यांसमोर शब्द दिला, की अंत्ययात्रेला हे गेट कधीही उघडेल. भाऊंनी त्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. ते मरेपर्यंत पंचायतीत वाटेसाठी भांडले.

हर्षला निखाऱ्यांचं मडकं घेऊन पुढे, आम्ही चौघे खांदेकरी मागे. मी, माझा शेजारी बाबल आणि भाऊंचे दोन पुतणे. बायका गेटपर्यंत आलेल्या. गेट बंद. आत रिसॉर्टचे मॅनेजर तनुज साहेब पांढऱ्या शर्टात, हात जोडून उभे.

"तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," ते म्हणाले. "स्पर्धेची अंतिम फेरी चालू आहे. शेवटचे चौघे पुढे सरकले की लगेच सोडतो. तोवर तुम्ही आत या, सावलीत उभे राहा. सगळ्यांसाठी सरबत सांगितलंय."

"खांद्यार मढा आसा हो," बाबल ओरडला, "आणि सरबत देतास?"

आमच्यात एकदा उचललेली तिरडी ठरलेल्या विसाव्याच्या दगडावरच टेकवतात. मध्ये कुठेही नाही. विसावा गेटच्या पलीकडे बराच पुढे होता. त्यांनी आम्हाला गेटच्या आत घेतलं आणि तिथेच, हिरवळीच्या कडेला अडवलं. ऊन चढलेलं, खांदे भरून आलेले. सगळ्यांचे डोळे हर्षलावर. मडकं तिच्या हातात होतं, त्या दिवशी शब्द तिचा चालणार होता. मी वाट बघत होतो. आता फुटेल, आता फुटेल. तिचा चेहरा क्षणभर लाल झाला, कानामागे पट्टीचा बारीक दिवा लुकलुकला, आणि ती मागे वळून स्वच्छ आवाजात म्हणाली, "थांबूया थोडा वेळ. ठेवा खाली."

आम्ही भाऊंना त्या परदेशी गवतावर ठेवलं.

सुलूआत्या, भाऊंची बहीण, गेटाबाहेरून किंचाळली, "बापाशीक जमनीर ठेवलंस गो? तुका रडाक तरी येता काय?" हर्षला रडली नाही. ती तनुज साहेबांना म्हणाली, "आत्यांना पाणी द्या."

तेवढ्यात एक चेंडू घरंगळत आला आणि तिरडीपासून चार हातांवर थांबला. मागून पांढरी टोपी घातलेला एक पाहुणा आला. त्याने भाऊंकडे बघितलं, टोपी काढली, डोळे मिटून हात जोडले. मग टोपी परत घातली, पाय रोवले, आणि त्याने फटका मारला. चेंडू चुकला, तेव्हा त्याने आमच्याकडे असं बघितलं जसं काही आमच्यापैकी कुणी खोकलं होतं.

घरी आल्यावर मी हर्षलाला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. बादली लाथाडली, दार आपटलं. तुझ्या बापाचा अपमान झाला आणि तू पुतळ्यासारखी उभी राहिलीस, असं सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडलो. ती पाटावर बसून ऐकत होती. मी दमल्यावर म्हणाली, "मला तेव्हा काय वाटायला हवं होतं ते सांग. मी लक्षात ठेवीन."

मला तिची भीती वाटली. खरंच सांगतो, बायको आयुष्यात पहिल्यांदा परकी वाटली. घरात वावरणारी ही बाई हर्षलाचे कपडे घालून हिंडते आहे आणि खरी हर्षला आता कधीच येणार नाही, असं वाटून मी मागच्या पडवीत जाऊन रडलो.

सुतक फिटलं तशी कंपनीने तिला कामावर बोलावलं. त्या दिवशी स्पामधल्या वाफेच्या खोलीचा पंप अडकला होता, म्हणून मलाही बोलावलं. खोलीला लाकडी जाळी होती. जाळीतून सत्राची जागा दिसायची: गोल मांडलेले बारा पलंग, मध्ये हर्षलाची खुर्ची, भिंतीवर तिची निळी रेघ. तिने पट्टी काढून बशीत ठेवली आणि कानाला चिमटे लावले. भाऊ गेल्यापासून ती पहिल्यांदाच पट्टीशिवाय बसली होती. हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही.

सत्राआधी पाहुण्यांनी आपला त्रास थोडक्यात सांगायची पद्धत आहे. कुणाला कंपनी विकायची चिंता, कुणाचं घटस्फोटाचं चाललेलं. सातव्या पलंगावरच्या माणसाने डोळे मिटूनच सांगितलं, "गेल्या स्पर्धेच्या फायनलमध्ये मध्येच एक प्रेत आलं. अगदी माझ्या लाइनमध्ये ठेवलं हो. तेव्हापासून पट करताना हात कापतो. ते दृश्य तेवढं डोक्यातून काढून टाका."

टोपी नसल्यामुळे मी त्याला या बोलण्यावरूनच ओळखलं. माझ्या हातातला पाना खाली पडला.

हर्षलाने मान हलवली. सत्र सुरू झालं. रेघ नेहमीसारखी संथ होती. त्या माणसाची धडधड आता तिच्या कानात पोचत असणार. शरीराला त्यातले शब्द कळत नाहीत. त्याला एवढंच कळतं, की कुणीतरी घाबरलंय, त्याला निववायचंय. पण तो माणूस कशाने घाबरलाय ते हर्षलाला माहीत होतं. तो तिच्या बापाच्या चेहऱ्याने घाबरला होता, आणि तिच्याकडून तिच्याच बापाचा चेहरा पुसून मागत होता. रेघ थरथरली, आणि मग ती जी वर गेली ती पडद्याबाहेरच गेली.

"तो माझो बापूस होतो!"

किती काळाने ऐकली मी ती मालवणी! ती खुर्चीवरून उठलीसुद्धा नाही. उठले ते बाराही जण. तेलाने माखलेली, पंचा गुंडाळलेली बारा मोठी माणसं एकदम ताठ बसली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. एका बाईने तेलाची वाटी भिंतीवर भिरकावली. एक म्हातारा उशी फाडायला लागला. टोपीवाला तर दोन्ही मुठी आवळून छताकडे बघत गुरासारखा हंबरत होता. तो राग त्यांचा नव्हता, तरी त्यांच्या अंगात पुरेपूर भरला होता. मग हर्षलाची रेघ खाली यायला लागली, आपली आपण, कुणी वीज न सोडता. तिच्याबरोबर ते सगळे उतरले. बारा जण पलंगांवर कोसळले आणि लहान पोरांसारखे हमसून हमसून रडले.

नोकरी गेली, मी म्हटलं. बरं झालं.

कसलं बरं! थोड्या वेळाने तनुज साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. समोर पुन्हा ते सरबत. त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा.

"मॅडम, पाहुणे काय म्हणतायत माहीत आहे? वीस वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं म्हणतायत. सात नंबरचे सर आत्ता मैदानावर जाऊन आले, हात अजिबात कापत नाहीये. हेड ऑफिसला मी लगेच कळवलं. आपण याचं वेगळं पॅकेज करतोय. नावही सुचलंय, 'शिमगा अनुभव'. लोकल कल्चर आहे ना तुमचं, बोंब मारायचं? आठवड्यातून एकदाच. बाकी दिवस सुट्टी. पगार तुम्ही म्हणाल तो."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हर्षला बोलली. तिची पट्टी अजून बशीतच होती, गडबडीत कुणालाच आठवण राहिली नव्हती.

"सड्यावरची वाट उघडा," ती म्हणाली. "गेट काढा. कायमचं. मग बोलू."

तनुज साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. माणूस खोटं बोलत नव्हता, हेच जास्त संतापजनक होतं.

"खरं सांगू? वाट उघडायची असं जवळजवळ ठरलंच होतं. त्या दिवशीच्या प्रकाराने मालकांनाही वाईट वाटलं. पुढच्या बैठकीत सही होणार होती. पण आता हेड ऑफिसचा प्रश्न असा आहे..." त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं, "वाट उघडली, तर तुम्हाला राग कशाचा येणार?"

म्हणजे आता वाट बंदच ठेवायची. वाडीत पुढचं माणूस मेलं की पुन्हा गेटवर अडवायचं, पुन्हा सरबत द्यायचं, आणि हर्षलाच्या काळजात जे पेटेल ते बारा पलंगांवर वाढायचं. आमची मढी हा त्यांचा कच्चा माल. माझं डोकं एवढं भणभणलं की मला शब्दच सुचेना. हर्षला उठली, तिने सरबताचा ग्लास टेबलाच्या कडेपासून आत सरकवला, पडू नये म्हणून, आणि बाहेर पडली.

ती सरळ मैदानातून चालत निघाली. मी माझी हत्यारांची पिशवी घेऊन मागे. कुणीतरी लांबून ओरडलं, एक चेंडू आमच्या डोक्यावरून गेला, ती थांबली नाही. आणि मला एकदाचे शब्द सुचले. मी सुरू झालो. तनुज चोर, मालक चोर, तो टोपीवाला हरामखोर, पंचायत विकली गेलेली, ते शिकलेले नालायक. "आणि तू," मी म्हणालो, "तूसुद्धा! मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. तू त्या दिवशी तोंड उघडलं असतंस तर ही वेळ आली नसती. मढ्याला खाली ठेवा म्हणालीस, स्वतःच्या बापाला!"

गेटपाशी ती थांबली. भाऊंना ठेवलं होतं ती जागा तिथेच होती, गवत पुन्हा उभं राहिलेलं. ती वळली. तिचे डोळे बघितले आणि मी एक पाऊल मागे सरलो.

"मी म्हटलंय ठेवा," ती म्हणाली, "आणि तू ठेवलंस?"

मी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"खांदो कोणाचो होतो? माझो? चौघे बाप्ये होतास. तुमका म्हायती नव्हता तिरडी खय टेकवतत ता? त्या तनुजान हात जोडल्यान आणि तुमचे खांदे दुखाक लागले? घराक येवन बादलेक लाथ मारलंस. बादलेन काय केल्यान तुझा? हय कित्याक नाय मारलंस? ह्या गवताक पाणी कोण पाजता रे? कोणाचे पंप चलतत हय?" ती जवळ आली. "माझ्या कानापाठी पट्टी होती. तुझ्या कानापाठी काय होता?"

मी कानामागे हात नेला. खरंच नेला, मूर्खासारखा. तिथे घाम होता.

गेटाबाहेर वाडीतली माणसं जमायला लागली होती. बाबलही होता. त्यालाही ऐकू गेलं होतं, आणि तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. मी पिशवी खाली ठेवली, मोठा पाना काढला आणि गेटच्या बिजागरीच्या पहिल्या बोल्टला लावला. खाऱ्या वाऱ्याने बोल्ट गंजलेले. बाबल आत आला आणि त्याने गेटला खांदा दिला.

"जोर लाव की मेल्या," हर्षला माझ्या मागे उभी राहून ओरडत होती, "जेवक नाय काय तुका?" तिने माझा उद्धार केला, माझ्या पान्याचा केला, माझ्या बापजाद्यांचा केला. गेट धाडकन हिरवळीवर आडवं झालं, तेव्हा तनुज साहेब धापा टाकत पोचले.

"मॅडम, प्लीज," ते हात जोडून म्हणाले, "शांत व्हा."

हर्षलाने मला घातलेली शिवी अर्धी सोडली आणि ती त्यांच्याकडे वळली.